काकांचा 'पी' जास्त आला आणि मी ते जेवताना बोलून बसले

बर्डीची_बस
बीए सेकंड इयर, सायकॉलॉजी, नागपूरच्याच एका कॉलेजात. प्रॅक्टिकलला आयझेंक या मानसशास्त्रज्ञाची ईपीक्यू (स्वभाव मोजायची हो-नाहीची प्रश्नावली) घ्यायची होती, प्रयुक्त (ज्याच्यावर चाचणी घ्यायची तो माणूस) आपापला शोधा म्हणे, मैत्रिणी सगळ्या एकमेकींवर करून मोकळ्या झाल्या, मला कोणीच उरलं नाही म्हणून मोठ्या काकांना बसवलं. त्यांचं इतवारीत धान्याचं दुकान आहे, रात्री साडेनऊला घरी आले, टीव्ही सुरू, काकू बाजूलाच मेथी निवडत होत्या, आणि मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचून हो का नाही विचारत गेले, 90 प्रश्न. स्कोअरिंग केलं तर पी (सायकॉटिसिझम) 25 पैकी 9, एन (न्यूरॉटिसिझम, म्हणजे काळजी-चिडचिडीचा कल) 23 पैकी 6, ई (बहिर्मुखता) 21 पैकी 15, एल (लाय स्केल, चांगलं दिसायला दिलेली उत्तरं पकडणारं) 21 पैकी 17. दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी विचारलं काय निघालं गं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बाकी ठीक आहे, फक्त सायकॉटिसिझम जरा जास्त आहे. झालं! चुलतभाऊ म्हणे म्हणजे बाबा सायको, मानकापूरच्या मेंटल हॉस्पिटलात दाखवून आणू का. आजी घाबरली, काका ताटावरून उठले. तीन दिवस झाले माझ्याशी बोलून नाही राहिले. खरंच काही असेल का त्यांना? चिडतात फार, हे तर खरं आहे. आणि फाईलमध्ये निष्कर्ष काय लिहू, सोमवारी सबमिशन आहे.

तर्री_जास्त
आमच्या बॅचमध्ये लोकांनी प्रयुक्ताला बोर केलं होतं, झोपवलं होतं, पण ताटावरून उठवणारी तूच पहिली बे 😂

एमए_झालं_एकदाचं
पी म्हणजे आजार नाही, हे आधी काकांना जाऊन सांग, फाईल नंतर. आयझेंकचे सुरुवातीला ई आणि एन एवढेच होते, पी 1975 च्या ईपीक्यूत आला आणि नाव असं ठेवलं की तेव्हापासून विद्यार्थी त्यात फसून राहिले. त्याची कल्पना अशी होती की साध्या माणसापासून मनोविकारापर्यंत एकच लांब पट्टी आहे, पण स्केलवर प्रत्यक्षात येतं ते म्हणजे माणूस किती कडक आहे, कोणाची भीड ठेवतो का, जोखीम घेतो का, असलं. त्यातही हे स्केल कच्चं निघालं, विश्वसनीयता कमी, आणि बहुतेकांचे मार्क खालीच गोळा होतात, म्हणून 1985 मध्ये सुधारून ईपीक्यू-आर काढावी लागली. तुझ्याकडे जुनीच आहे.

आता तुझा 9. नुसत्या 9 ला काही अर्थ नाही, मॅन्युअलमधले नॉर्म्स (बाकी लोकांचे तुलनेचे आकडे) उघड, वय आणि पुरुष-बाई बघून तो कुठे बसतो ते बघ, आणि ते नॉर्म्स कोणत्या लोकांवरून काढले तेही बघ. इंग्लंडमधल्या लोकांवरचे असतील तर इतवारीच्या व्यापाऱ्याला लावून काय हाती लागणार? प्रश्न इथे उघडे करत नाही, पण एक सांगते, कर्ज झालं तर काळजी वाटते का अशा अर्थाचा एक आहे, त्याला 'नाही' म्हटलं की पीचा एक मार्क. ज्याचं दुकानच उधारीच्या वहीवर चालतं तो माणूस नाहीच म्हणणार ना, तो मार्क काकांच्या स्वभावाचा नाही, धंद्याचा आहे.

आणि मला खटकून राहिला तो एल. 17 म्हणजे माणूस चांगली चांगली उत्तरं देऊन राहिला, आणि देणारच, बायको बाजूला बसली आहे आणि पुतणी मोठ्याने विचारून राहिली! कागद त्यांच्या हातात देऊन एकटं बसू द्यायचं असतं गं. एवढा एल आला की बाकीचे आकडे जपूनच वाचायचे, तो एन 6 तर मी मुळीच मानणार नाही, तूच म्हणतेस चिडतात. पण एक गोष्ट विचित्र आहे, एल वर गेला की पी सहसा खाली असतो. दोन्ही वर कसे? स्कोअरिंग परत एकदा तपास, पीमध्ये बरेच प्रश्न 'नाही'ला मार्क असलेले आहेत, तिथे पोरं हमखास गडबडतात.

फाईलमध्ये काका हा शब्द नको, प्रयुक्त, वय, लिंग, बस्स. टीव्ही, काकू, मेथी सगळं परिस्थितीच्या रकान्यात लिही, लपवू नको, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) तेच विचारतात.

ओपीडीचा_पेपर
मानकापूरवाला जोक नागपुरात प्रत्येकाने मारलेला आहे, मीही मारायचो. मग आईला घेऊन तिथल्या ओपीडीत महिन्याला एकदा जाऊ लागलो, तेव्हापासून बंद. तिथे आम्हाला कोणी हो-नाहीचे 90 प्रश्न विचारून आजार सांगितला नाही, झोप कशी, जेवण कसं, किती महिन्यांपासून, आधी कशी होती, घरचे काय म्हणतात, असं तासभर चाललं होतं. आता डीएसएम-5 (मनोविकार ओळखायचे निकष दिलेलं पुस्तक) चाळून पाहिलं तर कळलं का ते, स्किझोफ्रेनियाला किमान सहा महिने लक्षणांचा माग लागतो, नैराश्याला नऊपैकी पाच लक्षणं आणि तीही दोन आठवडे. काका सकाळी दुकान उघडतात, रात्री हिशेब जुळवतात, चिडतात. चिडण्याला काय आजार म्हणायचं का, उन्हाळ्यात सगळं नागपूरच चिडतं. चुलतभावाला मात्र जरा समजव.

फाईल_चोर
एक जास्तीचं. 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने आयझेंकचे 26 पेपर भरवशाचे नाहीत असं ठरवलं होतं, स्वभावामुळे कॅन्सर-हार्टचे आजार होतात असल्या विषयावरचे. ईपीक्यू वेगळी गोष्ट आहे, पण व्हायव्हाला फेकायला बरं.

एमए_झालं_एकदाचं
@फाईल_चोर ते फेकलं की एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) पुढचा प्रश्न विचारतात, आणि तिथेच बसतं सगळं. पोरीला नको शिकवू.

बर्डीची_बस
अपडेट. ताई तुम्ही देव आहात. दुसऱ्या पानावर हो आणि नाहीचे कॉलम मी उलटे लावले होते 🤦 पी 3 आला, त्यातला एक उधारीचाच. ई-एन जरा हलले, एल 17 तसाच. काकांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती, ते म्हणाले मग आम्ही नापास का पास, मी म्हटलं यात तसं काही नसतं, तर म्हणे मग कशाला घेते. पण बोलले. आता नवीन भानगड, काकू मागे लागल्या आहेत की माझीपण घे आणि यांच्यापेक्षा कमी आला की जास्त ते सगळ्यांसमोर सांग. काय म्हणू?

तर्री_जास्त
नाही म्हण.

एमए_झालं_एकदाचं
नाही म्हण.