नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठी स्वयंसेवक ऑम्बुड्समन: प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम

प्रश्न: अमेरिकेत लाँग टर्म केअर ऑम्बुड्समनचं, म्हणजे नर्सिंग होमसारख्या दीर्घकाळ देखभालीच्या निवासी संस्थांमधल्या रहिवाशांची बाजू मांडून त्यांच्या तक्रारी सोडवायला मदत करण्याचं, स्वयंसेवी काम करायचं आहे. तयारी किती लागते? तक्रार आली की आधी काय करायचं?

उत्तर १: सुरुवातीचं प्रशिक्षण किमान ३६ तास, पुढे दरवर्षी १८. तुम्ही स्वतः नर्सिंग होमसारख्या संस्थेत नोकरीला असाल तर विसरा, हितसंबंध आड येतात.

उत्तर २: आधी रहिवाशाशी एकट्यानं बोला, दार लावून. ‘तुम्हाला काय व्हायला हवंय?’ हे विचारा आणि पुढे जायची संमती घ्या. नवे लोक इथेच घसरतात: थंड जेवणाची तक्रार ऐकली की तडक व्यवस्थापकाकडे. संमतीशिवाय मुलीलासुद्धा सांगायचं नाही. आजी फक्त मराठी बोलत असतील तर मुलाला दुभाषा करू नका. कधीकधी तक्रार त्याच्याबद्दलच असते! आणि आपण इन्स्पेक्टर नाही. दंड, कारवाई हे राज्याच्या तपासणी यंत्रणेचं काम.

उत्तर ३: सगळ्यात किचकट म्हणजे रहिवाशाला नर्सिंग होममधून काढण्याच्या नोटिसा. नर्सिंग होमला साधारणपणे ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते: कारण, तारीख, कुठे पाठवणार, अपील कसं करायचं. प्रत ऑम्बुड्समन कार्यालयालाही. यातलं काही गाळलेलं असेल तर तिथूनच सुरुवात करा. वेळेत अपील केलं तर निकालापर्यंत सहसा काढता येत नाही. असिस्टेड लिव्हिंगला (रोजच्या कामांत मदत मिणारी, पण नर्सिंग होमइतकी वैद्यकीय देखभाल नसलेली निवासी संस्था) मात्र हा नियम लागू नाही, तिथे राज्याचा कायदा बघा.