दोन रिळांचे मूक विनोदी चित्रपट: सुरुवात कुठून करू?

केतकी_व
रविवारी जेवणं उरकल्यावर सासूबाई, नवरा आणि सात वर्षांची लेक यांच्यासोबत बघायला वीस-पंचवीस मिनिटांचे, म्हणजे दोन रिळांचे, जुने मूकपट हवेत. चॅप्लिनचे मोठे सिनेमे पाहून झालेत. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा मधे मधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचल्याशिवायही कळतील असे सुचवा. दुसरं म्हणजे, नेटवर एकेका चित्रपटाच्या ढीगभर प्रती आहेत आणि बऱ्याच प्रतींत माणसं नुसती पळत असतात. चांगली प्रत ओळखायची कशी?

रीळवेडा
बस्टर कीटनचा 'वन वीक' (१९२०). आधी हाच लावा. नव्या जोडप्याला लग्नाच्या आहेरात सुट्ट्या भागांचं घर मिळतं आणि नवरीने नाकारलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग जे घर उभं राहतं ते बघाच! वादळात ते अख्खं गरगर फिरतं. त्यात कॅमेऱ्याची काही करामत नाही, घर खरंच फिरत्या चकतीवर बांधलं होतं. रेल्वे येते तो शेवट लेकीला आधी सांगू नका.

कीटनच्या चेहऱ्यावर भावना नसतात असं लोक लिहितात ते मला अजिबात पटत नाही. त्याचे डोळे बघा, नुसतं उभं राहणं बघा.

त्यानंतर 'कॉप्स' (१९२२). 'द प्लेहाउस' (१९२१) तंत्रासाठी अद्भुत आहे: वादक, नट, प्रेक्षक सगळे कीटनच. कॅमेरामन एल्जिन लेस्ली तीच फिल्म मागे नेऊन पुन्हा पुन्हा चित्रित करायचा आणि दर खेपेला कॅमेऱ्याचा दांडा त्याच वेगाने हाताने फिरवायचा. पण त्यात तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याचा तेव्हाचा अमेरिकी प्रकार आहे. लेकीला दाखवण्याआधी तो तुम्ही एकदा बघून घ्या.

मोगरा
चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी बारा छोटे चित्रपट केले. ते राहिले असतील तर सोडू नका. लेकीला 'द रिंक' आवडेल, चाकाच्या स्केट्सवर तो काय सुंदर फिरतो! सासूबाईंसाठी 'द इमिग्रंट'. खानावळीत पैसे कमी पडलेल्या गिऱ्हाइकाला सगळे वेटर मिळून बडवतात आणि इकडे चार्लीचं नाणं फाटक्या खिशातून गळून गेलेलं असतं. पाटीची गरजच पडत नाही. तो धिप्पाड वेटर म्हणजे एरिक कॅम्पबेल. डिसेंबर १९१७ मध्ये तो मोटार अपघातात गेला. माझ्या मते चॅप्लिनला त्याच्या तोडीचा खलनायक पुन्हा मिळाला नाही.

अनुराधा_पुणे
चार्ली चेसचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? 'माइटी लाइक अ मूस' (१९२६), दिग्दर्शक लिओ मॅकॅरी. नवऱ्याचे दात पुढे, बायकोचं नाक मोठं. दोघंही एकमेकांना न सांगता ते ठीक करून घेतात, मग बाहेर भेटतात तर ओळखतच नाहीत आणि एकमेकांवर भाळतात. शेवटी चेस एकटाच दोन माणसांची मारामारी रंगवतो. चेस वेडेवाकडे हावभाव करत नाही. लाजेने कानकोंडा झालेला साधा गृहस्थ तो इतका खरा उभा करतो की त्याला चॅप्लिन-कीटनच्या पंक्तीतच बसवायला हवं. पाट्या थोड्या जास्त आहेत, सुरुवातीच्या तेवढ्या मराठीत सांगा, पुढचं सगळं समजतं.

केतकी_व
चेस हे नाव मला नवीनच! आणि प्रतींचं काय?

रीळवेडा
तेव्हा चित्रीकरण बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या (फ्रेम्सच्या) आसपास व्हायचं. बोलपट आल्यावर २४ ठरल्या. जुनी फिल्म तशीच २४ ने चालवली की माणसं पळतात. थोडा वेग मात्र विनोदासाठी मुद्दाम ठेवलेला असायचा, म्हणून फार हळूही करू नका. चाल विचित्र वाटली तर ०.७५ वेगाने लावून बघा. माणसांची डोकी वरून कापलेली असतील किंवा कुठलंही संगीत नुसतं चिकटवलेलं असेल, तर ती प्रत सोडा. चॅप्लिनच्या त्या बारा चित्रपटांचं लॉब्स्टर फिल्म्स ही कंपनी आणि इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेटेका या चित्रपट-संग्रहालयाने जतनकाम केलंय, तीच प्रत शोधा.