मदत हवी आहे: नाचणीच्या आंबिलीनं सासूबाईंचं पोट फुगायलंय, कुठं चुकतंय?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ६४) सकाळी पोहे-उप्पीट बंद करून नाचणीची आंबील द्यायला लागलोय. शौचाला आधीपेक्षा बरं होतंय, पण पोट फुगायलंय आणि गॅस होतोय. जळजळ, उलटी, ताप काही नाही. वजन आहे तेवढंच. सगळं लिहिते, म्हणजे तुम्हाला विचारत बसायला नको.

पीठ: नाचणी २ किलो, गहू अर्धा किलो, सोयाबीन पाव किलो, हरभरा डाळ पाव किलो. भाजून गिरणीत एकत्र दळलेलं.
कृती: चार मोठे चमचे शिगोशीग पीठ उकळत्या पाण्यात भुरभुरायचं, दोन-तीन मिनिटं हलवायचं, वरून एक ग्लास दूध, गूळ आणि एक केळं कुस्करून.
औषधं: सातला थायरॉईडची गोळी, साडेसातला आंबील, नंतर मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी). मेटफॉर्मिनचा डोस अलीकडेच वाढवलाय.

आंबील बंद करूया का? जाऊबाई म्हणतात दलिया द्या, शेजारच्या काकू म्हणतात ओट्स द्या.

शाळू_कण्या

ताई, आधी एक सांगा. पोट कधी फुगतं? खाल्ल्या खाल्ल्या, तासा-दोन तासांत, की दुपारी? यावरच निम्मं उत्तर आहे.

वडगावची_सून

दोन्ही ओ. तासाभरात पोट डब्ब, ढेकर. ते उतरतंय तोवर दुपारी एक-दीडनंतर गॅस.

शाळू_कण्या

मग ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींत नाचणीचा दोष सगळ्यात कमी.

तासाभरातलं फुगणं: दूध हा पहिला संशयित. ग्लासभर दुधात (२५० मिली) साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. वय वाढतं तसं ते पचवणारं विकर (एन्झाइम) बऱ्याच जणांत कमी होतं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. त्रास साधारण अर्ध्या ते दोन तासांत जाणवतो. त्यात चहासारखी गरम आंबील भुरके मारत प्यायली की हवाही गिळली जाते. ढेकर बहुतेक त्याचे.

दुपारचा गॅस: सोयाबीन आणि हरभरा डाळ. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायचं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, त्यामुळं त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथं आंबतात. म्हणून उशिरा त्रास. नुसतं भाजून त्या जात नाहीत. भिजवून पाणी ओतून टाकलं, मोड आणले तर कमी होतात. तुमच्या पिठात यातलं काहीच झालेलं नाही. 'पौष्टिक पीठ' म्हणून हल्ली सगळं एकत्र दळायची पद्धत पडलीय. धडधाकट पोराला ते चालून जातं, पण चौसष्टीत सकाळी उपाशीपोटी नको.

तिसरं, शिजवणं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की कणाभोवतालचा स्टार्च लगेच फुगून चिकट होतो आणि आत पाणी शिरू देत नाही. त्याच गुठळ्या. फोडून बघा, आत कोरडं पीठ दिसेल. दोन-तीन मिनिटांत नाचणी शिजत नाही.

असं करून बघा. पीठ नुसत्या नाचणीचं घ्या. खानापूर बाजूची मिळाली तर उत्तम, नाहीतर बेळगावच्या रविवार पेठेतून निवडून आणा. दळायला देताना आधी हरभऱ्याचं दळण गेलेलं नाही ना, एवढं विचारा.

रात्री: तीन सपाट मोठे चमचे पीठ (साधारण २५ ग्रॅम), एक वाटी पाणी, एक चमचा आंबट ताक. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून ठेवा. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट पदार्थात धातू उतरतो. उन्हाळ्यात ६ ते ८ तास पुरतात. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या गारठ्यात १२ तासही लागतात. मंद आंबूस वास आणि बारीक बुडबुडे आले की झालं. कुजका वास, गुलाबी-काळा डाग किंवा लव दिसली तर सगळं फेकून द्यायचं. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

सकाळी: वरचं पाणी फार आंबट वाटलं तर थोडं ओतून टाका. दोन वाट्या पाणी उकळून आच बारीक करा. भिजलेलं पीठ ढवळून बारीक धारेनं सोडा, दुसऱ्या हातानं हलवत राहा. ८ ते १० मिनिटं लागतात. रंग गडद होतो, चकाकी येते, कच्चा वास जातो. मीठ, जिरं. खाली उतरून कोमट झाल्यावरच ताक घाला, उकळत्यात घातलं की फाटतं. वाटीत घेऊन चमच्यानं, सावकाश.

आंबवल्यानं धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. शिवाय ताकात लॅक्टोज दुधापेक्षा थोडं कमी असतं आणि इथं ताकही दोन-चार चमचेच लागतं.

आहार_नोंदवही

वरच्यात थोडी भर, कारण औषधांकडं कुणी बघितलं नाही.

१) थायरॉईडची गोळी आणि नाश्ता यांत अर्धा तास म्हणजे अगदी काठावर. तास ठेवा. दूध, सोयाबीन आणि जास्त तंतू (फायबर), तिन्हींमुळं ती गोळी कमी शोषली जाते, आणि आत्ताच्या वाटीत तिन्ही आहेत. नाचणीतही कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३६० मिलिग्रॅम. कॅल्शियमची गोळी असेल तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तास हवेत. नाश्ता कायमचा बदलणार असाल तर डॉक्टरांना सांगून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्या.

२) मेटफॉर्मिनचा डोस वाढला की पोट फुगणं, गॅस, पातळ शौच हे नेहमीचं. बऱ्याचदा काही आठवड्यांत कमी होतं. मनानं बंद करू नका. सावकाश विरघळणारा प्रकार चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

३) मेटफॉर्मिन चालू आहे म्हणजे मधुमेह आहे. मग गूळ आणि पिकलेलं केळं कशाला? नाचणी 'शुगरला चांगली' म्हणून लोक वाडगाभर पितात, पण बारीक दळलेल्या पिठाची पातळ आंबील भराभर पचते आणि साखर चढवते. दोन तासांनी मोजलं की कळेल.

४) २५ ग्रॅम नाचणीत प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. नुसत्या आंबिलीवर दहालाच भूक लागणार आणि बिस्किटाचा पुडा निघणार. सोबत एखादं उकडलेलं अंडं किंवा पनीरचे दोन तुकडे द्या. शेंगदाण्याची चटणी चमचाभर.

शौचातून रक्त, काळं शौच, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तर आंबिलीचे प्रयोग थांबवून दवाखाना गाठा. या वयात नव्यानं सुरू झालेली पोटाची तक्रार दोन-तीन आठवड्यांत हटली नाही तरी दाखवाच.

निपाणी_नाका

आंबील थंड असते, पावसाळ्यात नकोच. ओट्स द्या, डॉक्टर पण तेच सांगतात.

शाळू_कण्या

गरम करून दिली तर थंड कशी ओ? पण ओट्सला ना नाही. ओट्समधला बीटा-ग्लुकॅन हा तंतू पाण्यात बुळबुळीत होतो, शौच मऊ करतो, आणि रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. ४० ग्रॅम ओट्समध्ये तो दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका वाटीत निम्मं काम. जाड चपटे ओट्स घ्या, पाण्यात ६-७ मिनिटं शिजवा. मसाल्याची पाकिटं नकोत, त्यात मीठ फार.

दलियाबद्दल मात्र जाऊबाईंचं ऐकू नका, निदान आत्ता तरी. गव्हातलं फ्रुक्टॅन (लहान आतड्यात न पचणारं कर्बोदक) काही जणांना डाळीसारखाच गॅस करतं. पोट शांत झाल्यावर बघूया.

खरं सांगायचं तर या सगळ्यांपेक्षा ज्वारीच्या कण्या बऱ्या. पीठ नाही, भरड. चावावं लागतं, सावकाश पचतं, पोटात टिकतं. बैलहोंगल-गोकाक बाजूच्या दुकानात नुच्चु (कण्यांचं कानडी नाव) म्हणून मागा, लगेच काढून देतील. घरी करायच्या तर गिरणीत शाळू जाडसर भरडून घ्या आणि बारीक चाळणीनं पीठ वेगळं करा. ते भाकरीत मिसळतं.

कॅम्प_कट्टा

एकदम सगळं बदलू नका. पहिला आठवडा फक्त दूध बंद. दुसऱ्या आठवड्यात पीठ बदला. नाहीतर फरक कशानं पडला ते कळणारच नाही. आणि मेटफॉर्मिन कधी वाढवलं ती तारीख शेजारी लिहून ठेवा.

आहार_नोंदवही

बरोबर. प्रमाणही हळूच वाढवायचं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हे मोठ्यांचं लक्ष्य असलं तरी पोहे-उप्पीटावरून एकदम तिथं उडी मारली की आतड्यातले जिवाणू गोंधळ घालणारच. दीड चमचा पिठापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत तीनवर या. तंतूबरोबर पाणी वाढवलं नाही तर उलटं घट्ट होतं. 'नाचणी बांधते' ही तक्रार बहुतेक तिथूनच येते. किडनी किंवा हृदयासाठी पाण्याचं बंधन असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

छातीत जळजळ असणाऱ्यांना फार आंबलेली आंबील बाधते. त्यांनी चार-पाच तासच आंबवावी आणि ताक कमी घालावं.

वडगावची_सून

दूध उद्यापासून बंद. गोळी आता साडेसहाला देते. सोयाबीनवालं उरलेलं पीठ भाकरीत संपवू का? आणि कण्या कुकरमध्ये तळाला लागतात, त्याला काय करायचं?

शाळू_कण्या

ते पीठ बाकीची मंडळी खातील, सासूबाईंच्या भाकरीत नको. सोयाबीनमुळं ते लवकर खवट होतं, तेव्हा घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

कण्या रात्री तिप्पट पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून, एक वाटी कण्यांना साडेचार वाट्या नवं पाणी घ्या. थेट कुकरमध्ये नको. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी, त्यात जाळी आणि वर कण्यांचं पातेलं, अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही. पाच शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा बोटात दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. मधे पांढरा कण राहिला असेल तर आणखी दोन शिट्ट्या. मीठ-ताक वाढताना. उरल्या तर गार झाल्या की लगेच फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी पाणी घालून नीट वाफ येईतो गरम करायच्या.