इलेक्ट्रिक टूथब्रश रोज वापरताय? कोणता, आणि कसा वाटला?

हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून आमच्या दातांच्या डॉक्टरांनी इलेक्ट्रिक ब्रश सुचवला, आणि आता घरात दोन प्रकारचे झालेत. माझा ओरल-बी, छोट्या गोल डोक्याचा. ते डोकं थोडं इकडे, थोडं तिकडे असं झपाझप फिरतं. ह्यांचा फिलिप्स सोनिकेअर, डोकं साध्या ब्रशसारखं लांबट. कंपनी म्हणते मिनिटाला 31,000 वेळा हलतं. एकाचं हेड दुसऱ्याला बसत नाही, म्हणून दोन्हींसाठी माझं वेगळं हेड घेतलं आणि आलटून पालटून वापरलं.

गोल डोकं अक्कलदाढेच्या मागे सहज पोचतं. नंतर जीभ फिरवली की दाढेची आतली बाजू अशी गुळगुळीत लागते, की दवाखान्यात सफाई करून आल्यासारखं वाटतं. आवाज मात्र चांगलाच घरघर करतो. सोनिकेअरचा आवाज कमी, हिरड्यांनाही तो सौम्य वाटतो, पण सुरुवातीला ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला भयंकर गुदगुल्या होतात. दोन्हींत दोन मिनिटांचा टायमर आहे. दर तीस सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो, म्हणजे आता तोंडाच्या दुसऱ्या भागाकडे वळायचं. मला विचाराल तर पैसे मोजावेत ते या टायमरसाठी आणि जोर जास्त झाला की पेटणाऱ्या लाल दिव्यासाठी. ॲप आणि पाच-सहा मोड यांचा मला रोजच्या वापरात काडीचा उपयोग झाला नाही.

तुम्ही काय वापरता, सविस्तर लिहा. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, पण कुठूनही लिहा; कुठून लिहिताय ते वर टाका.

सिडको
वडिलांना कंपवात आहे. साध्या ब्रशची बारीक दांडी त्यांच्या मुठीत राहायचीच नाही, शेवटी आई त्यांचे दात घासून द्यायची आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं. इलेक्ट्रिकचं हँडल जाड, मूठ नीट बसते. हात फक्त एका दातावरून दुसऱ्यावर न्यायचा, घासण्याचं काम ब्रश करतो. आता ते स्वतः घासतात. आमच्याकडे ही एवढीच गोष्ट मोठी आहे. घेताना एकच बटण असलेला घ्या, आणि ब्रश तोंडात ठेवल्यावरच बटण दाबायला शिकवा, नाहीतर पेस्ट आरशापर्यंत उडते. पेसमेकर बसवलेला असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दिंडोरी
द्राक्षबाग आहे, छाटणीच्या दिवसांत मुक्काम मळ्यातच. तिथे लाइटचा भरवसा नाही म्हणून आधी सेलवाला ब्रश घेतला होता. सेल उतरत आला की तो हळूहळू मंदावतो आणि आपल्याला कळतही नाही. चार्जिंगचा त्यापेक्षा कितीतरी बरा; घरून भरून नेला की मळ्यातला मुक्काम आरामात निघतो. बाथरूममध्ये शॉक बसेल अशी घरच्यांना भीती होती. पण ब्रश आणि स्टँड यांच्यात उघडी धातूची पिन नसतेच, चार्जिंग प्लास्टिकच्या आरपार होतं. प्लग तेवढा बेसिनपासून लांब ठेवलाय.

पंचवटी
मी स्वतः दातांची डॉक्टर. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिकने तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी दिसली होती. सर्वांत जास्त पुरावा इकडे-तिकडे फिरणाऱ्या गोल डोक्याचा होता. फरक आहे, पण साध्या ब्रशनेही तोंड उत्तम राहू शकतं, त्यामुळे परवडत नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आणि ज्यांच्या हातात इलेक्ट्रिक आहे त्यांना कळकळीची विनंती: रगडू नका. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवा, दोन-तीन सेकंद थांबा, पुढच्या दातावर सरका. हिरड्या खाली उतरून दातांच्या मुळाशी खाचा पडलेले पेशंट पाहते तेव्हा बहुतेकांच्या हाताला जोरात घासायची सवय असते. दिंडोरीकरांसाठी: आंबट द्राक्षं खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. आणि दोन दातांच्या फटीत यांतला कुठलाच ब्रश नीट पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश लागतो.

इंदिरानगर
लेकीच्या दातांना तारा आहेत. गोल डोकं प्रत्येक ब्रॅकेटच्या वर आणि खाली वेगळं फिरवता येतं, पोह्यांतली कोथिंबीर निघते. केस मात्र फार लवकर फिसकटतात.

नाशिकरोड
हेडच्या खर्चाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ब्रश एकदाच घ्यायचा, हेड दर तीन महिन्यांनी. एका हेडच्या पैशांत साधे ब्रश कितीतरी येतात. चौघांचं घर असेल तर हँडल एक, हेड चार, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची रिंग. आम्ही असंच करतो. ऑनलाइन स्वस्तातली हेड मागवली ती सैल बसली, खडखड वाजायची, परत केली. त्यामुळे ब्रश निवडण्याआधी त्याची हेड आपल्याला सहज मिळतात का ते बघा. दुसरं, हेड उपसून बघा कधीतरी: दांड्याभोवती काळपट बुळबुळीत थर साठलेला असतो. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे वर पांढरे क्षारही धरतात. आठवड्यातून एकदा हेड काढून दोन्ही भाग धुवायचे, पुसायचे, आणि ओल्या हेडवर टोपी लावायची नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.