अनुभव धागा: ग्रानादाचा अल्हम्ब्रा तुम्ही कसा पाहिलात?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्पेनला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि माझी आई. आईला ७१ वर्षं पूर्ण झालीत, डावा गुडघा कुरकुरतो, पण हौस दांडगी आहे. माद्रिद आणि सेविया जमून आलंय. ग्रानादापाशी मात्र घोडं अडलंय. अल्हम्ब्रासाठी किती दिवस ठेवायचे, तिकीट कुठलं घ्यायचं, डोंगरावर आईला कसं न्यायचं, काही कळेना. मूर राजांचा हा लाल किल्ला शाळेच्या पुस्तकातल्या एका चित्रापासून माझ्या मनात आहे आणि तिथे जाऊन धावपळ करायची नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. चुकलेलं, फसलेलं, आवडलेलं, सगळं.

*

*माद्रिदमध्ये नोकरीनिमित्त आठ वर्षं. पाहुण्यांना घेऊन चार वेळा*

ताई, आधी तिकीट, मग हॉटेल, मग रेल्वे. हा क्रम उलटा केलात तर पंचाईत होते. अल्हम्ब्राच्या तिकिटात तीन भाग असतात: आल्कासाबा म्हणजे बालेकिल्ला, नसरी राजवाडे म्हणजे नसरी घराण्याच्या सुलतानांचे महाल, आणि हेनेरालीफे म्हणजे सुलतानांचा उन्हाळी महाल आणि बागा. यातले राजवाडे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गटांनीच बघता येतात आणि प्रत्येक गटात माणसं मोजून सोडतात. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती राजवाड्यांच्या दारातली वेळ आहे, मुख्य फाटकातली नाही. फाटकापासून राजवाड्यांपर्यंत आरामात चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि आईंना त्याहून जास्त लागतील. वेळ हुकली तर आत सोडत नाहीत, मग तुम्ही कुठूनही आलेले असा.

तिकीट नावावर असतं आणि पासपोर्ट तीन-चार ठिकाणी तपासतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. मुलगा बारा वर्षांखालचा म्हणून त्याचे पैसे पडणार नाहीत, पण त्याचंही तिकीट काढावंच लागतं. तेवढं विसरलात तर दारात रडारड.

१५ ऑक्टोबरनंतर किल्ला संध्याकाळी सहाला बंद होतो, त्यामुळे दुपारी चारची वेळ घेऊ नका. साडेदहा-अकराची घ्या. प्रत्येक भागात एकदाच प्रवेश मिळतो, बाहेर पडलात की परत नाही. राजवाड्यांत शिरण्याआधी लेकाला स्वच्छतागृहात नेऊन आणा.

आणि बसवाल्याला विचारताना ‘आलाम्ब्रा’ म्हणा. तिथे ह चा उच्चार होत नाही.

*

*ठाण्याहून, मागच्या मे महिन्यात*

आमची फसगत सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. अधिकृत संकेतस्थळावरची तिकिटं संपली होती म्हणून आम्ही मध्यस्थांकडून दुप्पट पैसे मोजून घेतली. तिथे पोचल्यावर कळलं की ती फक्त बागा आणि बालेकिल्ल्याची होती. सिंहांचा चौक नाही, राजदूतांचं दालन नाही, काहीच नाही. सासरे आयुष्यात पहिल्यांदा भारताबाहेर आले होते आणि राजवाड्यांच्या दारातून आम्ही मागे फिरलो. त्यांनी एक शब्दही काढला नाही, पण मला अजून लागून राहिलंय. तिकिटावर ‘नसरी राजवाडे’ आणि त्यापुढे वेळ, हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर ते तिकीट घेऊ नका.

*

*सातारा, सह्याद्रीत तीस वर्षं किल्ल्यांवर हिंडणारा*

सगळे राजवाड्यांविषयी बोलतात. मी आधी किल्ल्याविषयी बोलतो, कारण तो मुळात किल्ला आहे.

टेकडीचं नाव साबिका. खाली दार्रो नदीची घळ, पलीकडच्या उतारावर आल्बाइसिनची जुनी वस्ती, पाठीशी सिएरा नेवादाचे बर्फाचे डोंगर. जागा निवडणाऱ्याला डोळा होता. नसरी घराण्याचा मूळ पुरुष मुहम्मद इब्न अल-अहमर १२३८ साली इथे आला. बालेकिल्ल्याच्या जागी आधीची जुनी गढी होतीच, ती त्याने वाढवली. तट दगडाचे असतील असं वाटत होतं, जवळ जाऊन पाहिलं तर तांबडी माती, खडे आणि चुना फळ्यांच्या साच्यात भरून, धुम्मसाने ठोकून ठोकून उभारलेली भिंत. साच्याच्या आडव्या रेघा आणि वाशांची भोकं अजून दिसतात. या मातीच्या रंगावरूनच ‘अल-हमरा’, म्हणजे तांबडी, हे नाव आलं असं मानतात. आठशे वर्षांच्या आसपास मातीची भिंत उभी आहे आणि आपण काल बांधलेल्या पायऱ्या पावसात वाहून जातात, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

आत जाताना न्यायदरवाजातून जा. नसरी सुलतान पहिला यूसुफ याने १३४८ साली बांधला. बाहेरच्या कमानीवर हाताचा पंजा कोरलाय, आतल्या कमानीवर किल्ली. पण मला खिळवून ठेवलं ते आतल्या वाटेने. सरळ घुसताच येत नाही. वळा, चढा, पुन्हा वळा. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी ज्याने पायाखालून घातलीय त्याला लगेच उमगेल. हत्ती असो की लाकडाचा ओंडका, धडक द्यायला धाव मिळता कामा नये. तिथल्या आणि इथल्या स्थपतींची गाठ कधी पडली नसणार, अडचण तीच म्हणून उत्तरही तेच.

बालेकिल्ल्यात शिबंदीच्या घरांची जोती आहेत. एवढ्याएवढ्या खोल्या, मधून गल्ल्या, एक हौद, एक हमामखाना. बहुतेक लोक त्यावरून एक नजर टाकून बुरुजाकडे पळतात. मी तासभर तिथेच होतो. ज्यांनी रात्री जागून पहारा दिला त्यांची घरं आहेत ती. नंतर वेला बुरुजावर चढा. उंची २७ मीटरच्या आसपास, जिना अरुंद. १४९२ च्या २ जानेवारीला शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर इसाबेल आणि फेर्नांदो या ख्रिस्ती राणी-राजाच्या हवाली केलं, आणि आजही दर २ जानेवारीला तिथली घंटा वाजवतात. १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी जाता जाता किल्ल्याचे काही बुरूज सुरुंगाने उडवले. वरच्या अंगाला त्याच्या खुणा दिसतात.

राजवाडे मी अर्ध्या तासात उरकले आणि त्याची आता चुटपुट आहे. धावपळ नको असं तुम्ही म्हटलंय, तेच धरून ठेवा.

*

*नाशिक, आई-वडिलांबरोबर, दोघेही सत्तरीपुढचे*

गुडघ्याचं विचारलंत म्हणून लिहितो. प्लासा नुएवा या खालच्या चौकाकडून गोमेरेसच्या चढाने वर जाणारी वाट झाडांतून जाते, सुरेख आहे, पण आईंना त्या वाटेने नेऊ नका. मध्यवस्तीतल्या प्लासा इसाबेल ला कातोलिकाहून सी३० ही छोटी बस थेट वर सोडते. बसमध्ये गर्दी असते, सुरुवातीच्या थांब्यावरच चढा म्हणजे बसायला मिळतं.

वर गेल्यावर चालणं सपाट वाटतं पण फसवं आहे. बऱ्याच ठिकाणी गोटे उभे बसवून नक्षी केलीय, त्यावर पातळ तळव्याच्या चपला टोचतात. माझ्या आईने जाड तळव्याचे बूट आणि काठी घेतली होती, तरी संध्याकाळी पाय शेकावे लागले. आम्ही तिन्ही भागांमध्ये एकेक तासाची विश्रांती ठेवली. पाचवा कार्लोस या नंतरच्या स्पॅनिश राजाच्या राजवाड्याच्या गोल चौकाभोवतीच्या सावलीत आई-बाबा निवांत बसले आणि आम्ही भावंडं बालेकिल्ला बघून आलो. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे हा हट्ट सोडला की दिवस गोड होतो.

*

*पुणे, पासपोर्टाबद्दल एक बारीक गोष्ट*

तिकिटं काढल्यावर माझा पासपोर्ट नवा झाला, म्हणजे नंबर बदलला. ध्यानात आलं ते विमानात. सुदैवाने रद्द झालेला जुना पासपोर्ट व्हिसामुळे जवळ होता. दोन्ही दाखवले, दारातल्या बाईंनी नंबर जुळवला आणि सोडलं. तुमच्यापैकी कुणाचा पासपोर्ट मुदत संपत आलेला असेल तर आधी तो करून घ्या.

*

*छत्रपती संभाजीनगर, पाणीपुरवठ्याच्या कामात उमेदवारी केलेली*

मलिक अंबरच्या नहरीच्या गावची आहे मी. कुठेही गेले की आधी पाणी कुठून आलं ते शोधते.

अल्हम्ब्रा डोंगरावर, नदी खाली खोल. मग एवढे हौद, कारंजी, बागा कशावर? उत्तर साधं आहे आणि अवघड आहे. सहा किलोमीटर वरच्या अंगाला दार्रो नदीला बांध घालून, तिथून डोंगराच्या कडेकडेने अगदी हलका उतार देत पाट आणलाय. त्याला राजपाट म्हणजे आसेकिया रेआल म्हणतात. तेराव्या शतकातलं काम. हेनेरालीफेच्या लांबट चौकात मधोमध जो कालवा दिसतो तो शोभेचा नाही, तोच हा पाट. आधी त्याने मळे भिजवायचे, मग राजवाड्यांत जायचं.

राजवाड्यांत आरायानेसच्या चौकात लांबलचक हौद आहे, दोन्ही बाजूंना मर्टलच्या झुडपांचं कुंपण, आपल्याकडे मेंदीचं असतं तसं. सगळे उभं राहून प्रतिबिंबाचा फोटो काढतात. तुम्ही टोकाला जाऊन खाली वाका. जमिनीलगत एक उथळ गोल पात्र आहे, त्यातून पाणी वर येतं आणि दगडातल्या अरुंद चरातून हौदात उतरतं. उतरतं म्हणजे नुसतं सरकतं. आवाज नाही, तरंग नाही. पाणी सतत येतंय आणि तरी आरसा हलत नाही, यासाठी त्या पात्राला आणि चराला तसा आकार दिलाय. मी गुडघ्यावर बसून ते बघत होते, मागून लोक चालले होते.

पुढे सिंहांचा चौक, सुलतान पाचव्या मुहम्मदाच्या काळातला, चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध. बारा सिंह, प्रत्येकाची आयाळ आणि चेहरा वेगळा. पात्राच्या कडेवर इब्न झमरक या वजीर-कवीची कविता कोरलीय, तिच्यात वाहणारं काय आणि थिजलेलं काय, पाणी की संगमरवर, हे डोळ्यांना कळेनासं होतं असा भाव आहे. कवीलासुद्धा पाण्यावरच लिहावंसं वाटलं याचा मला फार आनंद झाला.

*

*कोल्हापूर, गणित शिकवतो*

भिंतीच्या खालच्या भागातल्या फरशा बघायला विसरू नका, लेकाला तर नक्कीच दाखवा. एक आकार पुन्हा पुन्हा येतो, त्याला तिथे पाखरू म्हणतात. समभुज त्रिकोण घ्या. प्रत्येक बाजूच्या अर्ध्या भागातून चापाचा तुकडा कापा आणि तोच उरलेल्या अर्ध्यावर बाहेरून चिकटवा. क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि भिरभिऱ्यासारखा आकार एकमेकांत चपखल बसतो. एकही फट नाही. डच चित्रकार एशर १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये इथे आला आणि या भिंतींसमोर बसून नक्षी उतरवत राहिला. मी पुठ्ठ्याचे पाखरू कापून वर्गात वाटतो, पोरं तासभर गप्प असतात. कोमारेसच्या दालनात, म्हणजे वर आलेल्या राजदूतांच्या दालनात, मान वर करा, आठ हजारांवर लाकडी तुकडे जोडून तारांगणाचं छत केलंय.

*

*डोंबिवली, पक्के शाकाहारी*

ग्रानादात पेयाबरोबर खाण्याची बशी फुकट येते, पण तिच्यात बहुधा मांस असतं. ‘मांस नको’ म्हटलं तरी मासा येऊ शकतो, म्हणून दोन्ही नको असं सांगा. आम्ही जगलो ते तळलेल्या वांग्याच्या कापांवर. त्यावर मध म्हणून जे घालतात ती चक्क उसाची काकवी आहे. गरम कुरकुरीत वांगं आणि काकवी, माझ्या आजीला हे दिलं असतं तर तिने आवडीने खाल्लं असतं. ग्रानादा म्हणजे डाळिंब, रस्त्याकडेच्या खांबांच्या टोकांवरसुद्धा डाळिंबं दिसतील, सोलापूरच्या माणसाला हसूच येईल. चर्चजवळ कुणी हातात रोझमेरीची डहाळी देऊ लागलं तर घेऊ नका, मग पैसे मागतात.

*

*बंगळूर, तिकीट न मिळालेला*

तिकीट नाही म्हणून जाऊच नका असं कुणी म्हणेल, मानू नका. न्यायदरवाजातून आत, राजरस्त्यावर, पाचव्या कार्लोसच्या राजवाड्याच्या चौकापर्यंत तिकिटाशिवाय जाता येतं. संध्याकाळी समोरच्या आल्बाइसिनमधल्या सान निकोलासच्या सज्जावर गेलो. सूर्य मागे जातो तसे तट विटकरी होत जातात, त्यांच्यामागे बर्फ गुलाबी, आणि मग एकदम दिवे लागतात. गर्दी फार, पाकीट सांभाळा. रात्रीच्या भेटीची वेगळी तिकिटं असतात, मात्र थंडीच्या महिन्यांत ती आठवड्यातून मोजकेच दिवस.

*

*धागाकर्ती, परत आल्यावर*

सगळ्यांचे मनापासून आभार. अकराची वेळ मिळाली. सकाळी नऊला बसने वर गेलो, लेक आणि नवरा बालेकिल्ल्यावर, मी आणि आई उन्हात बाकावर. थंडी होती, आईची शाल कामी आली. राजवाड्यांत आम्ही दोन तास होतो. लेकाने पाखरू शोधलं आणि ओरडून सगळ्यांना दाखवलं. मी टोकाशी वाकून तो चर पाहिला. खरंच आवाज येत नाही.

धाग्यात न आलेली एक गोष्ट लिहिते. हेनेरालीफेच्या वरच्या बागेत पाण्याचा जिना आहे. दोन्ही कठड्यांवर कौलांसारख्या पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी खळाळत खाली येतं. सगळा जिना आईला जमण्यासारखा नव्हता, पहिल्या टप्प्यापर्यंत गेलो. तिने आधारासाठी कठडा धरायला हात टाकला तो थेट पाण्यात. मग तिने काढलाच नाही. अंगठी काढून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, ‘‘अगं, आपल्या मळ्यातल्या पाटासारखं गार आहे.’’ पुढे जाणाऱ्यांसाठी: त्या भागाला निदान दीड तास ठेवा, आणि रुमाल हाताशी असू द्या.