प्रतिसाद: चरित्र अभिनेता आणि पीट पॉसलथ्वेट

चरित्र अभिनेत्याचे काम नायकाला उठाव देण्यापुरतेच असते, असे अनेकदा म्हटले जाते. ते मला पटत नाही, आणि त्यासाठी ब्रिटिश नट पीट पॉसलथ्वेट (1946–2011) यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. इंग्लंडमधील वॉरिंग्टनमध्ये जन्मलेल्या या नटाची जडणघडण लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये झाली, आणि पुढे 2008 मध्ये त्याच रंगमंचावर त्यांनी शेक्सपिअरचा लिअर राजा साकारला.

'इन द नेम ऑफ द फादर' (1993) मध्ये, न केलेल्या गुन्ह्यासाठी मुलासह तुरुंगात खितपत पडलेला, आजाराने खंगत गेलेला जुझेपी कॉनलन त्यांनी आवाज न चढवता उभा केला. त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. याच सुमारास दूरचित्रवाणीवरील 'शार्प' मालिकेत (1994) ते हेक्सविल या क्रूर सार्जंटच्या भूमिकेत दिसले. डोक्यावरची टोपी काढून, तिच्या आत तोंड घालून आईशी बोलणारा हा माणूस आणि तो सोशीक बाप एकाच नटाने साकारले, हे आजही मला खरे वाटत नाही.

'ब्रास्ड ऑफ' (1996) मध्ये मात्र ते स्वतःच केंद्रस्थानी आहेत. खाण बंद होत असतानाही खाणकामगारांच्या ब्रास बँडचा ध्यास न सोडणारा डॅनी (ही त्यांची भूमिका) रुग्णालयात पडून आहे आणि खिडकीखाली, अंधारात, खाणकामगार हेल्मेटवरचे दिवे लावून त्याच्यासाठी वाजवत आहेत, हा प्रसंग पाहताना माझे डोळे प्रत्येक वेळी भरून येतात.