मूल अठराचं झालं की पैसे बंद: एकट्या आईबापांनो, तुमचं काय झालं?

बालसंगोपनचे (आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठीची राज्य सरकारची योजना) महिन्याचे 2250 मूल अठराचं होईपर्यंतच मिळतात, आणि माझी लेक या दिवाळीत अठराची होतेय. वह्या-गणवेशाच्या वयात मदत होती, आता क्लास, सीईटी, कॉलेज सुरू होणार तर थांबणार! ज्यांची मुलं यातून गेलीयत त्यांनी लिहा प्लीज. सल्ले नकोत, स्वतःचं घडलेलं सांगा.

नाशिक
हे कोविडमध्ये गेले. आमचं सुरू झालं तेव्हा 1100 होते, मग 2250 झाले. दरवर्षी कागद द्यायचे, बोनाफाईड, रेशनकार्ड, आणि घरासमोर आई-मुलाचा एकत्र फोटो. आठवीत होता तेव्हा दात काढून उभा राहिला, अकरावीत म्हणतो आई गल्लीतले बघतात, मग भल्या पहाटे काढला, कपाळाला आठ्या घालून उभाय. अठरा झाल्यावर बंद झालं ते कोणी कळवलं नाही, पासबुकात एन्ट्री मारली तेव्हा समजलं. बारावीचा निकालसुद्धा लागायचा होता.

सांगली
बापाने लिहिलं तर चालेल ना? निराधार योजनेत विधवा बसते, विधुर नाही, लाडकी बहीण तर नावातच आलं. बालसंगोपन मुलांच्या नावावर असतं म्हणून तेवढं मिळालं. मोठीचं थांबलं, पण 2024 पासून कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) ॲडमिशन आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींची ट्युशन फी माफ, त्यावर तिचं इंजिनिअरिंग चाललंय (होस्टेल-मेस माझ्या खिशातून, तो आकडा विचारू नका). धाकटा दहावीत. आम्ही ओपनमधले, त्याची निम्मीच माफ होईल. आई दोघांचीही गेली की हो.

लातूर
माझं संजय गांधी निराधारचं होतं. उत्पन्नाची अट वर्षाला 21,000, म्हणजे महिन्याला 1750, चार घरच्या पोळ्या लाटणारी पण त्याच्या वर जाते, सगळ्यांना माहितीय तरी दाखला तसाच लागतो. पोरगं कॉलेज करून मॉलमध्ये लागलं तर पडताळणीत मुलगा कमावता झाला म्हणून माझे 1500 कट. पुढे त्याचं काम सुटलं, पण परत तलाठी, परत दाखला, नको वाटलं. शेवटी लाडकी बहीणचा फॉर्म भरला, निराधारचे 1500 चालू असताना तो चालत नव्हता.

इंग्लंड
इकडे आधी आईलाच कामाला जुंपतात. युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) असाल तर धाकटं तीनचं झालं की आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करायची अपेक्षा. मूल सोळाचं झालं की पुढच्या 31 ऑगस्टनंतर चाइल्ड बेनिफिट (मुलासाठी मिळणारा वेगळा भत्ता) थांबतो, पुढे शिकतंय हे आपण कळवायचं. ए लेव्हल (आपली अकरावी-बारावी) चालतं, पगारी अप्रेंटिसशिप नाही. मुलाला इलेक्ट्रिशियनच व्हायचं होतं, त्याचा तुटपुंजा पगार आला आणि माझे दोन्हीकडचे पैसे गेले. आता तो घरात पैसे देतो. त्याला काही वाटत नाही, मलाच घेताना कसंतरी होतं.

पुणे
सल्ले नको म्हणालात तरी एक सांगते. लेकीचं मायनर खातं असेल तर अठरा झाल्या झाल्या बँकेत जाऊन मेजर करून घ्या. आमचं राहिलं, महाडीबीटीची (राज्य सरकारचं पोर्टल) स्कॉलरशिप अडकली, फी उसनवारीवर भरली.